शेळकुंडीच्या विहिरीतले मासे

३ फेब्रुवारी १९८३, लातूर

ही डायरी खालच्या डाळमिलच्या मालकांनी दिली. आमचं मत्स्य खात्याचं ऑफिस त्यांच्याच माडीवर आहे. पहिल्या पानावर महाराष्ट्राचा नकाशा छापलाय, त्यात लातूर जिल्हा नाही. छापणाऱ्यापर्यंत बातमी पोचली नसावी. मी शाईनं रेघ ओढून जिल्हा वेगळा केला. रेघ वाकडी गेली, निलंगा थोडा बाहेरच राहिला.

आज साहेबांनी काम नेमून दिलं. उदगीरच्या पलीकडं शेळकुंडीच्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ असे मोठे मासे राखून ठेवलेत. पाऊस लागला की त्यांच्यापासून बीज, म्हणजे बारीक पिल्लं, काढायचं आणि नव्या जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडायचं. पण यंदा पाऊसच अर्धा झालाय, तळं आटून राहिलंय. तोवर मासे जगवायचे. साहेब म्हणाले, "सोनकांबळे, हे मासे मेले तर पुढल्या साली जिल्ह्यात सोडायला आपल्याकडं काही नाही."

मला आनंद झाला. नांदेडच्या कॉलेजात बरणीतले मासे बघून बघून कंटाळले होते.

१९ फेब्रुवारी, लातूर

शेळकुंडीला जाऊन आले. एसटी फाट्यावर सोडते, पुढं पायी.

तळं बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी माती वाहून बांधलेलं. भोयांची जुनी वाडी त्याच्या पोटात गेली, नवी वाडी वर माळावर आहे. आता पाणी मागं सरकलंय आणि जुनी वाडी हळूहळू वर येतेय. चुली दिसतात. एका घराचा उंबरा जसाच्या तसा आहे. त्या उंबऱ्यावर एक म्हातारी बाई बसली होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन नागप्पा. पन्नाशीचा, काटक माणूस. मी विचारलं, "त्या कोण?"

"आमची भावजय, कोंडाबाई. तिचंच घर हाय त्ये. पानी उतरल्यापास्नं रोज येऊन बसती. बसू द्या बाई, कुनाचं काय खाती?"

वाडीतले बाकी पुरुष रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेत. तळ्यावर नागप्पा आणि त्यांची बायको रत्नम्मा एवढेच. रत्नम्मा कर्नाटकाच्या अंगच्या, मराठीत मधूनच कानडी येतं. पाण्यात नवऱ्यापेक्षा त्याच पटाईत आहेत. जाळं झुडपाला अडकलं तेव्हा लुगड्याचा काचा मारून त्यांनी बुडी घेतली, ती बराच वेळ वर आल्याच नाहीत. मी घाबरून उभी राहिले. नागप्पा तंबाखू मळत म्हणाले, "येती की. तिचा दम लई हाय."

११ मार्च

उंबऱ्याच्या पुढं विहिरीचा दगडी काठ उघडा पडलाय. गोल विहीर, आतून भिंतीला चिकटून पायऱ्या उतरतात. अजून जवळजवळ भरलेली आहे. थर्मामीटर दोरीला बांधून सोडला. तळ्याचं पाणी एकोणतीस, विहिरीचं चोवीस! हात घातला तर हिवाळ्यातल्यासारखं थंड.

मी हात घातल्याबरोबर रत्नम्मांनी माझा दंड धरून मागं ओढलं.

"अय्यो! तिथं न्हाई. तिथं आसरा हाईत."

पाण्यातल्या त्या सात बाया, माणसाला ओढून नेणाऱ्या. मग त्यांनी सांगितलं. तळ्यात पाणी अडवायच्या आधीचा उन्हाळा. वाडी उठून गेलेली, विहीर वर्षभर वापरात नव्हती, लोकांनी आत कडबा-कचरा टाकलेला, पाणी पार खाली गेलेलं. कोंडाबाईची तांब्याची घागर आत पडली होती. ती काढायला तिचा नवरा व्यंकटी उतरला. नागप्पांचा थोरला भाऊ.

"पट्टीचा पोहनारा. पर पान्यापोत गेलाच न्हाई बाई. पायरीवर बसला. बसला त्यो बसलाच. झोपल्यावानी."

वाडी तेव्हापासून म्हणते, कोंडाबाईनं नको त्या दिवसांत विहिरीवर पाणी भरलं, आसरा कोपल्या आणि नवऱ्याला घेऊन गेल्या. लग्नकार्यात तिला कुणी पुढं बोलावत नाही.

मला राग आला. आमच्या घरात भुताखेताला जागा नव्हती. बाबांनी छप्पन साली घरातले सगळे देव टोपल्यात भरून गोदावरीत सोडले आणि परत येताना मागं वळून बघितलं नाही, हे आई आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. नऊ वर्षं एका बाईला असल्या कथेनं वाळीत टाकतात! मी रत्नम्मांना तसं बोललेही. त्या जाळं झटकायला लागल्या.

४ एप्रिल

काल शेळकुंडीत शाळेच्या खोलीत मुक्काम केला. आज सूर्य उगवायच्या आत तळ्यावर गेले आणि जे बघितलं ते डोळ्यांपुढून जात नाही.

सगळे मासे वर होते. हातभर लांबीचे कटले तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडी टाकून. आवाज येत होता, चप् चप् चप्, जेवणाऱ्या पंगतीसारखा. मी काठावर गेले तरी एकही पळाला नाही. भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या अंगात शिरलं होतं. त्यांचे डोळे माझ्याकडंच होते असं वाटलं. माशाला पापण्या नसतात, म्हणून तसं वाटतं.

"बाई, ह्ये वर काहून येऊन राहिले?" नागप्पांनी विचारलं.

मी त्यांना दाखवलं. बाटलीत तळ्याचं पाणी काठोकाठ भरलं, दोन औषधं घातली, बूच लावून हलवलं. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका बसतो. जितका जास्त, तितका गडद. नसला तर साका पांढराच राहतो. आज रंग नावालाच आला, फिकट, पिवळसर.

"मासा पण श्वासच घेतो. फक्त पाण्यात विरघळलेली हवा घेतो. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. आणि माशाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं, म्हणून पाणी तापलं की त्याला हवा जास्त लागते. एकीकडं लागते जास्त, दुसरीकडं मिळते कमी. रात्री शेवाळही तीच हवा खातं, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट."

नागप्पांनी एका रोहूकडं बोट दाखवलं. त्याचं कल्ल्यावरचं झाकण भराभर उघडझाप करत होतं. "म्हंजी पळून आल्यावानी धापा टाकून राहिलाय."

"हो. जागच्या जागी."

नुसता मरळ तेवढा निवांत होता. त्याला वरची हवा घेता येते. वर यायचा, घोट घ्यायचा, जायचा.

८ एप्रिल, लातूर

साहेबांना म्हटलं, गाडी द्या, मासे नांदेडच्या केंद्रात नेऊ. ते हसले. जिल्ह्यातल्या सगळ्या टाक्या आणि टँकर गावांना पाणी पोचवायला लागलेत. माणसांना नाही आणि माशांना कुठून? खरंच आहे. आमच्या गल्लीतसुद्धा नळावर घागरींची रांग पहाटेपासून लागते.

मग विहीर. थंड पाण्यात हवा जास्त मावते आणि थंड पाण्यात माशाला ती कमी लागते. दोन्हीकडून फायदा. पुस्तकातल्या पहिल्या पानावरची गोष्ट आहे. मी विहिरीच्या पाण्याचा नमुनाही तपासलाय, छान तपकिरी रंग आला. अर्थात तो वरच्या पाण्याचा. खोलातलं पाणी घ्यायची वजनाची बाटली उस्मानाबादच्या ऑफिसातून अजून आलेली नाही. दोनदा पत्र लिहिलं. पण वर एवढं चांगलं आहे तर खाली फार वेगळं काय असणार?

१० एप्रिल

नागप्पा तयार होईनात. "बाई, दुसरं काय बी सांगा. त्या हिरीत माझा भाऊ गेलाय."

"नागप्पा, आसरा-बिसरा काही नसतं. विहिरीत फक्त पाणी आहे. आणि तुमच्या सोसायटीला पुढच्या वर्षी मासे हवेत की नको?"

त्यांनी तळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या हाव. तुमी म्हनता तर उतरवू."

मला बरं वाटलं. एका माणसाच्या मनातली भीती गेली.

१२ एप्रिल

झालं! सगळे मोठे मासे विहिरीत. पहाटेच्या गारव्यात ओल्या गोणपाटात एकेक उचलून नेला. रत्नम्मा अगोदर विहिरीकडं पाठ करून उभ्या होत्या, नंतर कामाला लागल्या. त्यांनी चुकून एक-दोन मरळही टाकले. कोंडाबाई उंबऱ्यावरून बघत होती. शेवटचा कटला आत सोडला तसा तो सपकन् खाली गेला, अंधारात, थंडाव्यात. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

कोंडाबाई तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "खाली काय दिसतं का तुला, लेकी?"

म्हटलं, "नाही, अंधार आहे."

"हाव," ती म्हणाली. "अंधारच हाय."

२८ एप्रिल, नांदेड

बाबांकडं दोन दिवस आले. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी भोंगा वाजला की ते अजून घड्याळ बघतात. गुरुद्वाऱ्याच्या बाजूनं फिरून आलो, गोदावरीत नावापुरती धार आहे.

मी उत्साहानं विहिरीची हकीकत सांगितली. मासे पंधरा दिवस झाले ठणठणीत आहेत. कोंडाबाईचं पण सांगितलं, म्हटलं, बघा, अजून लोक कसल्या अंधारात आहेत.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "आसरा नव्हत्या, हे बरोबर. मग काय होतं?"

"म्हणजे?"

"धडधाकट माणूस पायरीवर बसून मेला. कशानं मेला?"

"चक्कर आली असेल. ऊन लागलं असेल."

"विहिरीत ऊन?" बाबा म्हणाले. मग आईच्या वर्षश्राद्धाऐवजी वंदनेला कुणाकुणाला बोलवायचं ते विचारायला लागले आणि विषय राहिला.

११ मे

तळ्यात आता चिखल आणि मधोमध डबकं. विहिरीचंही पाणी तळ्याबरोबर पाझरून खाली चाललंय, शिवाय जनावरांसाठी लोक उपसतात. बऱ्याच पायऱ्या उघड्या पडल्या. पाणी मात्र अजून थंड, पंचवीस. वर माळावर पारा त्रेचाळीसला, आणि खाली पंचवीस!

मासे टाकलेलं पेंडीचं खाणं खात नाहीत. नागप्पा जाळीचा तुकडा घेऊन खालच्या पायरीपर्यंत गेले आणि लगेच परत आले. म्हणाले, "खाली विडी पेटंना. चार काड्या वाया गेल्या."

"ओल असेल."

"आसंल. डोकं बी जड झालंय." वर येऊन त्यांनी त्याच पेटीतली काडी ओढली, विडी पेटली.

कुजट वास येतो. गाळ ढवळला असेल. परवा वजनाची बाटली येणार असं पत्र आलंय, ती आली की खालचं पाणी तपासते. अंगणवाडीच्या बाईंनी ताक दिलं.

१७ मे

आजच लिहायचं आहे.

बाटली घेऊन सकाळी पोचले. आभाळ भरून आलेलं, वारा अजिबात नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. विहिरीत डोकावले तर तेच. सगळे मासे वर, तोंडं उघडी. चप् चप् चप्. विहिरीच्या भिंतींमुळं आवाज मोठा होऊन वर येत होता. दोन कटले उलटे तरंगत होते, पांढरी पोटं वर. थंड पाण्यात कसं? थंड पाण्यात कसं? एवढंच डोक्यात.

बाटलीला वजन लावून खाली सोडली, वर काढली, औषधं घातली. साका बसला. पांढरा. चुन्यासारखा पांढरा. मी ती बाटली उजेडाकडं धरून बघत होते, तेवढ्यात नागप्पा म्हणाले, "जित्ते हाईत तेवढे तर काढतो," आणि जाळं खांद्यावर टाकून उतरायला लागले.

मी त्यांच्याकडं बघत नव्हते. बाटलीकडं बघत होते. हे लिहून ठेवते.

रत्नम्मांची हाक ऐकली. "अवो! बसलाव काहून?"

नागप्पा पाण्याच्या थोडं वर पायरीवर बसले होते. भिंतीला टेकून, जाळं मांडीवर. त्यांनी मान वर केली. तोंड उघडलं, मोठं उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज नाही. मग मान बाजूला पडली. झोपल्यासारखी.

हातात पांढरी बाटली आणि खाली नागप्पा. खाली, त्यांच्या पायांशी, माशांची तोंडं. तेव्हा कळलं. विडी. काड्या. व्यंकटी. पाण्यात जे संपलं होतं तेच पाण्यावरच्या हवेतही संपलं होतं. नऊ वर्षांचा गाळ कुजत होता, त्यातून निघालेली जड हवा विहिरीत पाण्यासारखी साचली होती, आणि तिला हलवायला वारा नव्हता.

रत्नम्मा दोन पायऱ्या उतरल्या होत्या. मी त्यांचं लुगडं धरलं. त्यांनी मला ढकललं. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी काठावर आपटलो.

"उतरू नका! खाली हवा नाही!"

"हवा न्हाई? हवा कुठं न्हाई आसती? सोड मला! सोड!"

त्यांना कसं समजावू? मी पुस्तकातले सगळे शब्द विसरले होते. मग तोंडातून निघालं, "रत्नम्मा, विहीर वरपर्यंत भरलीय असं समजा! पाण्याखाली बसलेत ते. बुडी मारायची. पाण्यात मारता तशी. वर येईपर्यंत दम सोडायचा नाही, घ्यायचा नाही!"

त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं. तेवढं त्यांना पटलं.

कोंडाबाई कधी आली कळलंच नाही, पण पोहऱ्याचा दोर तिच्या हातात होता. तिनं तो जावेच्या कमरेला बांधला. रत्नम्मांनी तीनदा खोल श्वास घेतला, चौथ्याला गाल फुगवले आणि कोरड्या पायऱ्यांवरून बुडी मारली. हेच लिहिते, दुसरा शब्द नाही. त्या खाली पोचल्या. दोर स्वतःचा सोडून नवऱ्याच्या काखेतून घातला, गाठ मारली. मी वरून बघत होते आणि मलाही श्वास घ्यायचं सुचत नव्हतं. त्या वर आल्या तेव्हा चेहरा निळा पडला होता. काठावर येऊन त्यांनी असा काही श्वास घेतला, तसा आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता.

मग तिघींनी दोर ओढला. नागप्पा पायऱ्यांवर आपटत, खरचटत वर आले. मी त्यांच्या तोंडाला तोंड लावून हवा भरली, कॉलेजात शिकवलं होतं तशी. रत्नम्मा पाय चोळत होत्या. छातीत घरघर झाली. मग खोकला.

खडीच्या कामावरची जीप मिळाली. उदगीरला दवाखान्यात आणलं. जिवंत आहेत.

१९ मे, उदगीर

शुद्धीवर आले. डोळे उघडून रत्नम्मांना म्हणाले, "अव्वा." आई म्हणाले त्यांना. रत्नम्मांना वाटलं गुंगीत बोलतात. त्यांनी हसून पदर तोंडाला लावला. संध्याकाळी पुन्हा अव्वाच म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, मेंदूला काही मिनिटं हवा मिळाली नाही. किती परत येईल सांगता येत नाही. "जगलेत हेच खूप समजा."

२६ मे, लातूर

साहेबांनी अहवाल मागितला. म्हणाले, "अति उष्णतेमुळे मासे दगावले असं लिहा. यंदा कुणी विचारणार नाही."

मी लिहिलं की मासे थंड पाण्यात मेले आणि तिथं ठेवायचं मी ठरवलं होतं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. सही केली. बीज दुसऱ्या जिल्ह्यातून आणायचं ठरलंय. विहिरीत दोन मरळ तेवढे जिवंत आहेत म्हणे.

४ जून

लोकांची तोंडं बघवत नाहीत. एसटी स्टँडवर माणसं बाकड्यांवर झोपतात, आ करून. नळावरच्या रांगेत एक बाई हाका मारत होती, मला तिचा आवाज ऐकू आला नाही, तोंडच दिसलं. काल जिना चढताना लक्षात आलं की मी श्वास धरून चढते आहे. खाली मिलच्या गोदामातून जावं लागतं, तिथं अंधार आहे, थंड आहे. आपोआप दम धरला जातो. वर आले की डोळ्यांपुढं काळे ठिपके.

आणि पहाटे तो आवाज. खालच्या मिलचा पट्टा फिरतो त्याचा असेल. पण मिल सात वाजता सुरू होते.

बाबांना पत्र लिहायला घेतलं होतं. "मग काय होतं?" याचं उत्तर. फाडून टाकलं.

१२ जून

नागप्पा घरी आलेत. भेटायला गेले. अंगणात बाजेवर बसले होते. मला ओळखलं नाही, पण हात जोडले. जाळं दिलं तर बोटं बरोबर गाठी मारतात, तोंडानं मात्र सांगता येत नाही काय करतोय ते. रत्नम्मा त्यांना भरवतात. मला वाटलं होतं त्या माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी पाट दिला, चहा टाकला.

मी म्हटलं, "रत्नम्मा, मीच म्हटलं होतं विहिरीत सोडा म्हणून."

"हाव," त्या म्हणाल्या. "आन् बुडी मार म्हनून बी तूच म्हनलीस."

बस्स. त्या चुलीकडं वळल्या.

विहिरीवर लाकडाच्या फळ्या ठोकून घेतल्या. वाडीतले लोक मदतीला आले. आता ते म्हणतात, आसरांनी थोरला नेला आणि धाकट्याचं अर्धं नेलं.

२१ जून, लातूर

अजून पाऊस नाही.

आज मुद्दाम कोंडाबाईसाठी शेळकुंडीला गेले. इतके दिवस तेच मनात होतं. माझ्या हातून एवढं सगळं झालं, पण निदान एका बाईच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरवता येईल. तिला सांगायचं, आसरा नव्हत्या. तुझं काही चुकलं नव्हतं. कचरा कुजला, हवा बिघडली, वारा नव्हता. कुणीही उतरलं असतं तरी हेच झालं असतं.

ती उंबऱ्यावर होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सावकाश, सोपं करून. ती ऐकत होती. विडी पेटली नाही तेही सांगितलं.

"कळलं मला त्या दिसीच," ती म्हणाली. "नागप्पाला बसलेला बघितला तवाच कळलं. आसरा बायांना काय करायचाय त्यो?"

मला हलकं वाटलं. म्हटलं, वाडीतल्या लोकांना मी सांगते, सगळ्यांना बोलावून सांगते.

"नगं. त्यांचं राहू दे." ती पायाच्या अंगठ्यानं भेगाळलेल्या चिखलाची खपली उचकटत होती. "एक इचारू, लेकी? तू शिकलेली हाईस म्हनून."

"विचारा ना."

"मी वर काठावर हुते. त्येला हाका मारत हुते, आहो, घागर ऱ्हाऊ द्या, या वर. त्यानं वर बघितलं. माज्याकडं. बोलला काय न्हाई. पर हासला. तोंड भरून हासला बघ. असं." तिनं तोंड उघडून दाखवलं. दात नव्हते. "आजवर कुनाला सांगितलं न्हाई. लोक म्हनत्याल नवरा मेला आन् हिला हासनं दिसलं. पर मी त्या हासन्यावर दीस काढले. म्हनलं, माजी घागर काढाया गेला, पर राग न्हाई धरला. हासून गेला."

ती माझ्याकडं वळली.

"ती हवा आसली, तरी मानूस हासतंय की न्हाई? हासलाच हुता न्हवं त्यो?"

मी तळ्याकडं बघत होते. चिखल, चिखलात बगळे. मला पुस्तकातलं सगळं आठवत होतं, एकेक ओळ.

"हाव," मी म्हटलं. "हसला होता."

तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं. मग कितीतरी वेळ आम्ही तिथंच बसून होतो आणि तिनं मला व्यंकटी तरुणपणी कसा दिसायचा ते सांगितलं.